पाणी गेलं कुठं? ग्रीसच्या विकोस घळीचं आणि तिच्या आसपासच्या गुहांचं कोडं

ऑगस्टमध्ये विकोसच्या घळीत उतरलं की पहिल्यांदा जाणवतं ते पाण्याचं नसणं. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच कडे, तळाशी नदीचं रुंद पात्र आणि त्यात घासून गुळगुळीत झालेले पांढरे धोंडे. इथून कधीतरी पाणी जोरात वाहतं, हे धोंडे पाहून कुणालाही कळेल. पण पात्र ठणठणीत कोरडं असतं. तासन्‌तास चाललं तरी थेंब दिसत नाही. आणि मग घळीच्या खालच्या टोकाला, विकोस गावाच्या पायथ्याशी, खडकांच्या बुडातून निळसर हिरवं, हाडं गोठवणारं पाणी उसळून बाहेर येतं आणि पाहता पाहता त्याची भरलेली नदी होते. वोइदोमातिस हे तिचं नाव. तिथून पंधराएक किलोमीटर वाहून ती आओस नदीला मिळते.

वरच्या डोंगरावर हिवाळाभर बर्फ साचतं, वसंतात वितळतं, पाऊसही भरपूर पडतो. ते सगळं पाणी जातं कुठं आणि इथं येतं कुठून? या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला तर घळ, गुहा, डोंगरमाथ्यावरचं तळं, पायथ्याचे झरे, एवढंच काय, गावातले उंच कमानीचे पूलसुद्धा एकाच साखळीत बसतात. माझ्या मते हा प्रदेश पाहण्याची खरी रीत हीच आहे. एकेका ठिकाणाचा फोटो काढून पुढं जाणाऱ्याला इथलं अर्धंच दिसतं.

आधी जागा नीट समजून घेऊ. ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं निळा समुद्र आणि पांढरी घरं येतात. इथं त्यातलं काहीच नाही. देशाच्या वायव्येला, अल्बानियाच्या सीमेलगत इपिरस हा डोंगराळ प्रांत आहे आणि त्यातून पिंडस ही पर्वतरांग जाते. तिचं सर्वांत उंच शिखर स्मोलिकास, उंची २६३७ मीटर; ग्रीसमध्ये ऑलिंपसनंतर त्याचाच क्रमांक लागतो. त्याच्या दक्षिणेला तिम्फी हा डोंगर आहे. त्याचं गामिला शिखर २४९७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या वर आणखी साडेआठशे मीटर. तिम्फीच्या अंगाखांद्यावर आणि पायथ्याशी झागोरी हा मुलूख पसरला आहे. त्यात ४६ दगडी गावं आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोनं या मुलखाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. विकोस आणि आओस या दोन्ही घळींभोवती १९७३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आज ते उत्तर पिंडस राष्ट्रीय उद्यान या मोठ्या संरक्षित क्षेत्राचा भाग आहे.

समुद्राच्या तळाचा डोंगर

तिम्फीचा बराचसा डोंगर चुनखडकाचा आहे. हा खडक समुद्राच्या तळाशी तयार झाला. कोट्यवधी वर्षं इथं टेथिस नावाचा उबदार समुद्र होता. त्यातल्या लहानमोठ्या जीवांची कवचं आणि चुन्याचा गाळ थरांवर थर बसत गेला. घळीच्या कड्यांवर दिसणारे थर जुरासिक काळापासून इओसीन काळापर्यंतचे आहेत, म्हणजे ढोबळमानानं वीस कोटी ते चार कोटी वर्षांपूर्वीचे. पुढं आफ्रिका आणि युरोप यांचे भूपट्ट एकमेकांवर रेटले गेले आणि समुद्रतळ चुरगळत वर आला. त्याच टेथिसच्या पूर्वेकडच्या भागातला गाळ हिमालयात उचलला गेला. गंडकीच्या पात्रात सापडणारे आणि आपल्या देव्हाऱ्यात पुजले जाणारे शाळिग्राम हे त्या समुद्रातल्या अ‍ॅमोनाइट नावाच्या प्राण्यांचे जीवाश्म आहेत. विकोसच्या कड्यासमोर उभं राहिलं की हे नातं मला फार मोलाचं वाटतं.

चुनखडकाच्या जोडीला इथं दुसरा एक खडक आहे, त्याला फ्लिश म्हणतात. डोंगर वर येत असताना त्याची झीज होऊन जो गाळ शेजारच्या खोल समुद्रात साचला, त्याचे वालुकाश्म आणि चिखलदगड यांचे आलटून पालटून थर म्हणजे फ्लिश. हे दोन खडक पाण्याशी अगदी उलट वागतात. चुनखडक पाणी पोटात घेतो. फ्लिश ते फारसं आत जाऊ देत नाही, वरूनच वाहून लावतो. झागोरीतल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं या फरकात आहेत.

आम्लाचं काम

पावसाचं पाणी हवेतून खाली येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं. मग ते मातीतून झिरपतं. मातीत मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळं हा वायू हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. त्यामुळं पाणी आणखी आम्लधर्मी होतं. हे कार्बोनिक आम्ल अगदी सौम्य असतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच. पण चुनखडक ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा बनला आहे, ते या सौम्य आम्लातही हळूहळू विरघळतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं.

आता चुनखडकाला बारीक भेगा असतात, थरांच्या मधे फटी असतात. पाणी त्यांतून उतरतं. उतरताना भेग थोडी रुंदावते. रुंदावली की त्यातून जास्त पाणी जातं, जास्त पाणी गेलं की ती आणखी रुंदावते. हे चक्र लाखो वर्षं चाललं की केसाएवढ्या भेगेचं भुयार होतं. डोंगराचा वरचा भाग चाळणीसारखा होऊन बसतो. पाऊस पडला, बर्फ वितळलं, की पाणी ओढ्यानाल्यांत न जाता सरळ पोटात. अशा भूप्रदेशाला भूशास्त्रज्ञ कार्स्ट म्हणतात. वरती नदी नसणं, जागोजागी खळगे आणि विवरं असणं, आणि पायथ्याशी एकाएकी मोठे झरे फुटणं ही त्याची ओळख.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे नवं वाटतं, कारण आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. लाव्हापासून बनलेला हा खडक असल्या सौम्य आम्लात असा विरघळून जात नाही. म्हणून अजिंठा, कार्ले, भाजे इथली लेणी माणसानं छिन्नी चालवून कोरली. निसर्गानं नुसत्या विरघळण्यातून केलेली भव्य गुहा पाहायची तर आपल्याला आंध्रातल्या बोरा किंवा बेलमला जावं लागतं. तिथं चुनखडक आहे. सांधण दरीसारखी अरुंद घळ सह्याद्रीतही आहे, पण तिच्या माथ्यावर पडलेलं पाणी डोंगर पोटात घेऊन खाली दुसरीकडं नदी म्हणून सोडत नाही.

घळ इतकी उभी का?

विकोसची घळ सुमारे वीस किलोमीटर लांब आहे आणि तिचा मुख्य, सर्वांत देखणा भाग बारा किलोमीटरांचा. गिनीज बुकात तिची नोंद रुंदीच्या मानानं जगातली सर्वांत खोल घळ अशी आहे: एका ठिकाणी खोली ९०० मीटर आणि दोन्ही कड्यांच्या माथ्यांमधलं अंतर ११०० मीटर. अशा विक्रमांत मोजायचं कुठून आणि कसं, यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून मी त्याला फार महत्त्व देत नाही. पण आकड्यातून एक गोष्ट नीट कळते. एवढी खोल दरी साधारणपणे कितीतरी जास्त पसरट असायला हवी होती. ही का पसरली नाही?

घळ कोरण्याचं काम दोन गोष्टींनी मिळून केलं. डोंगर हळूहळू वर उचलला जात होता आणि नदी त्याच वेळी खाली कापत होती. आजचा कोरडा काळ पाहून फसू नये. हिवाळ्यात आणि वसंतात हेच पात्र फेसाळत वाहतं, आणि हिमयुगांत त्यात याहून किती तरी पाणी आणि दगडगोटे होते. पण दरी खोल झाली तरी तिचे काठ पसरवायला बाजूच्या उतारांवरून ओहोळ वाहावे लागतात, माती ढासळावी लागते. इथं काठावरचं पाणी चुनखडकानं पिऊन टाकलं. ओहोळच नाहीत, तर उतार झिजणार कसे? शिवाय चुनखडकात उभ्या भेगा आहेत. कड्याचा पाया कमकुवत झाला की भेगेच्या रेषेत अख्खी शिळा सुटते आणि मागं पुन्हा उभीच भिंत उरते. नदीनं खाली कापायचं, कड्यानं उभंच तुटायचं. म्हणून घळ खोल झाली, पण पसरली नाही.

हे सगळं एका नजरेत पाहायचं तर तीन जागा आहेत. मोनोदेंद्री गावापासून वर गेलं की ओक्सिया. समोरच्या बाजूला व्रादेतो गावाजवळ बेलोई. आणि मोनोदेंद्रीतच अगदी कड्याच्या ओठावर बांधलेला आगिया पारास्केवीचा मठ. हा मठ पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. त्याच्या पलीकडून कड्यात कोरलेली एक अरुंद पायवाट पुढं जाते. तिच्यावर पाय टाकताना खालची खोली पायांच्या तळव्यांना कळते. तिघांतून एकच निवडायची वेळ आली तर मी बेलोई निवडेन. तिथून घळीची लांबी आणि समोरच्या भिंतीचे थर दोन्ही एकाच वेळी दिसतात.

मोनोदेंद्रीहून ओक्सियाला जाताना वाटेत दगडी जंगल लागतं. पातळ चुनखडकाचे थर इथं एकावर एक रचलेले, काही माणसाच्या उंचीचे, काही त्याहून मोठे. मऊ थर आधी झिजले, टणक थर बाहेर राहिले आणि भेगांनी त्यांचे सुटे खांब पाडले. घळीत जे काम शेकडो मीटरांवर झालं, तेच इथं हात लावून पाहता येतं. पापिंगो गावाजवळच्या ओढ्यातले दगडी डोहही बघावेत. आपल्याकडं निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, ते भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी बेसाल्टात कोरले. पापिंगोचे डोह चुनखडकाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या थरांमधे बसले आहेत. पाण्याचा हात तोच, खडक बदलला की नक्षी बदलते.

पाणी ज्या वाटेनं उतरतं ती वाट

तिम्फीच्या माथ्याजवळ आस्त्राका शिखराच्या बाजूचं पठार उन्हाळ्यात उघडंबोडकं असतं. गवत, खडक, मेंढ्या आणि वाहत्या पाण्याचा पत्ता नाही. त्या खडकांत मधेच काळी तोंडं दिसतात. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध प्रोवातीना. जमिनीतून सरळ खाली गेलेलं हे विवर सुमारे ४०० मीटर खोल आहे. आयफेल मनोरा ३३० मीटर उंच आहे. तो त्यात उभा केला तर टोकासकट आत मावेल आणि वर जागा उरेल. मधे साधारण १८० मीटरांवर एक टप्पा आहे, तिथं बर्फ साचून राहतं. १९६० च्या दशकात ब्रिटिश गुहा-शोधकांनी हे विवर प्रकाशात आणलं आणि त्याच दशकात त्याचा तळ गाठला. जवळच एपोस नावाचं दुसरं विवर आहे, तेही चारशे मीटरांहून खोल.

अशी उभी विवरं कशी होतात? वितळणाऱ्या बर्फाचं पाणी थंड असतं आणि थंड पाणी कार्बन डायऑक्साइड जास्त धरून ठेवतं. ते दोन भेगांच्या छेदाच्या जागी एकवटून वर्षानुवर्षं खाली पडत राहिलं की तिथं उभी विहीर तयार होते. तळाशी जमा होणाऱ्या दगडगोट्यांच्या खाली पाणी आणखी बारीक फटींत शिरतं. माणसाला पुढं जाता येत नाही, पाण्याला येतं. ते डोंगराच्या पोटातून वाट काढत, किलोमीटरभराहून जास्त खाली, वोइदोमातिसच्या झऱ्यांतून पुन्हा उजेडात येतं. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हे. घळीचं कोरडं पात्र ही जुनी, जमिनीवरची वाट. हल्ली उन्हाळ्यात पाणी बहुतेक आतल्याच वाटेनं जातं. वसंतात आतल्या वाटा पुरत नाहीत, तेव्हा जुनं पात्रही वाहतं.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. प्रोवातीना आणि तिच्यासारखी विवरं पर्यटकांसाठी नाहीत. दोरावर उतरण्याचं पक्कं प्रशिक्षण असलेल्या गुहा-शोधकांचंच ते काम. आपण काठापासून चांगलं लांब उभं राहावं. काठावरचं गवत ओलं असतं आणि तोंडाशी कठडा नसतो. गंमत म्हणून दगड तर अजिबात टाकू नये. मधे काही आड आलं नाही तर तो तळाशी पोचायला नऊ सेकंद घेईल, आणि आत कुणी दोरावर असेल तर काय होईल हे सांगायला नको.

गुहेत खरोखर आत जायचं असेल तर पेरामाला जावं. इपिरसची राजधानी योआनिना इथल्या सरोवराकाठी, गोरित्सा टेकडीच्या पोटात ही गुहा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, बॉम्बहल्ल्यांपासून लपायला जागा शोधणाऱ्या गावकऱ्यांना ती सापडली. पुढं योआनिस आणि आना पेत्रोखिलोस या दांपत्यानं तिचा शास्त्रशुद्ध शोध घेतला. ग्रीसमधल्या गुहाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत या दोघांचं नाव आहे. आत गुहेतल्या अस्वलांची हाडंही सापडली. आता तिथं पायऱ्या आणि दिवे आहेत, वाटाड्यासह फेरी करता येते.

पेरामात पाहायचं ते आतापर्यंतच्या गोष्टीचं दुसरं अर्ध. वर सांगितलं की आम्लयुक्त पाणी चुना विरघळवतं. तेच चुनाभरलं पाणी मोकळ्या गुहेच्या छतातून थेंबाथेंबानं टपकू लागलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेतल्या हवेत निघून जातो. आम्ल कमी झालं की पाण्याला तेवढा चुना धरून ठेवता येत नाही. तो थेंबाच्या कडेला कॅल्साइटच्या रूपानं चिकटतो. छतावरून खाली लोंबणारे लवणस्तंभ असे वाढतात आणि थेंब जिथं पडतो तिथून वर येणारेही. दोन्ही भेटले की अखंड खांब. वाढीचा वेग साधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणजे बोटाएवढा लवणस्तंभ शिवकालाच्याही आधी वाढू लागलेला असू शकतो. त्याला हात लावू नका असं सांगतात त्याला कारण आहे: बोटांचं तेल एकदा लागलं की पुढचा चुना तिथं नीट बसत नाही आणि वाढ खुंटते.

बर्फाचा हात आणि ड्रॅगनचं तळं

तिम्फीवर आज एकही हिमनदी नाही. पण माथ्याजवळचे वाटीसारखे खळगे आणि त्सेपेलोवो, स्कामनेली या गावांच्या आसपास पडलेले दगडगोट्यांचे लांबलचक ढिगारे हे हिमनद्यांचंच काम आहे. हिमनदी पुढं सरकताना जे दगड खरवडून आणते आणि वितळताना जागेवर टाकते, त्या ढिगांना हिमोढ म्हणतात. हे हिमोढ केव्हाचे, हे कसं ठरवायचं? इथंही चुनाच कामाला आला. ढिगात झिरपणाऱ्या पाण्यानं दगडांच्या मधे कॅल्साइट भरून त्यांना जोडून टाकलं होतं. त्या कॅल्साइटमधलं युरेनियम ठरावीक वेगानं थोरियममध्ये बदलतं. दोघांचं प्रमाण मोजलं की ते केव्हा तयार झालं हे कळतं. फिलिप ह्यूज, जेमी वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं तेव्हा सर्वांत मोठ्या हिमोढांतलं काही कॅल्साइट साडेतीन लाख वर्षांपेक्षा जुनं निघालं. म्हणजे ढिगारे त्याहूनही आधीचे. शेवटच्या हिमयुगातही, वीसएक हजार वर्षांपूर्वी, इथं हिमनद्या होत्या, पण त्या मानानं लहान. दक्षिण युरोपातल्या इतक्या ऊबदार टोकाला एवढं बर्फ होतं, हे या डोंगरानं जगाला दाखवून दिलं.

आता माथ्यावरचं तळं. चाळणी झालेल्या डोंगरावर, २०५० मीटर उंचीवर, द्राकोलिम्नी म्हणजे ड्रॅगनचं तळं आहे. चुनखडकात पाणी टिकत नाही असं इतका वेळ सांगितलं, मग हे कसं टिकलं? कारण त्याच्या बुडाशी पाणी अडवणारा थर आहे. थोडक्यात, जिथं चाळणीची भोकं बुजली आहेत तिथंच तळं आहे. तळ्यात डोंगरी सॅलमँडर हे पालीसारखे दिसणारे उभयचर राहतात: बोटभर लांब, पोट नारिंगी. लोककथा सांगते की तिम्फीच्या तळ्यात एक ड्रॅगन राहायचा आणि स्मोलिकासवरच्या दुसऱ्या द्राकोलिम्नीत दुसरा. दोघांचं वैर. एक दगड भिरकवायचा, दुसरा झाडं उपटून फेकायचा. आजही सॅलमँडर पाहून लोक त्याला ड्रॅगनचं पिल्लू म्हणतात. तळं लहान आणि थंड आहे आणि त्यातला जीव नाजूक आहे. त्यात उतरून पोहण्याचा मोह आवरावा.

माणसांनी याच्याशी कसं जमवलं

घळीच्या खालच्या भागात, वोइदोमातिसच्या काठी क्लिथी नावाची कपार आहे. १९८० च्या दशकात जेफ बेली यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन झालं. शेवटच्या हिमयुगाच्या उतरणीला, साधारण सोळा हजार वर्षांपूर्वी, शिकारी इथं हंगामी मुक्काम करायचे. चुली, दगडाची बारीक पाती, हाडाच्या सुया आणि ढिगानं हाडं मिळाली. ती हाडं जवळजवळ सगळी दोनच प्राण्यांची: आयबेक्स हा रानबोकड आणि शॅमॉय हा त्याच्याच जातकुळीतला, बोकडासारखा डोंगरी प्राणी. दोघेही कड्यांवर राहणारे. उभे कडे म्हणजे त्यांचं घर, म्हणून शिकारी कड्यांच्या पायथ्याशी आले. आयबेक्स इथून नाहीसा झाला. शॅमॉय अजून दिसतो, नशीब आणि दुर्बीण दोन्ही बरोबर असेल तर.

पुढच्या काळातल्या गावांची गोष्ट फ्लिशशी बांधलेली आहे. झरा बहुतेक अशा जागी फुटतो जिथं चुनखडकातून उतरलेलं पाणी फ्लिशला येऊन अडतं. माती, शेत, रान हेही फ्लिशवरच चांगलं येतं. पण फ्लिशचे उतार घसरतात. म्हणून अनेक गावांनी आपल्या वरच्या उताराचं रान पवित्र ठरवलं. तिथं कुऱ्हाड चालवणाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत करण्याची धमकी असायची. आपल्या देवरायांची आठवण यावी अशी ही प्रथा आहे, आणि इथं तिचा उपयोग डोळ्यांना दिसतो: झाडांची मुळं उतार धरून ठेवतात आणि खालचं गाव वाचतं.

फ्लिशवर पडलेला पाऊस मुरत नाही, म्हणून ओढे एकाएकी फुगतात. त्याचं उत्तर म्हणजे पूल. कीपी गावाच्या आसपास ते जास्त आहेत. १७५० मध्ये बांधलेला कोकोरिस पूल दोन कड्यांच्या मधे एकाच कमानीवर उभा आहे. १८१४ चा प्लाकिदास पूल तीन कमानींचा. कोनित्साला आओसवर १८७० चा भला उंच पूल आहे, त्याच्या कमानीखाली घंटा टांगलेली असते. वारा इतका वाढला की घंटा वाजू लागे. पूल ओलांडू नका, एवढाच तिचा अर्थ. उन्हाळ्यात ओढ्यात घोटाभर पाणी आणि वर एवढी थोरली कमान, हे विसंगत वाटतं. पण इपिरसमधल्याच आराख्थोस नदीवरचा प्लाकाचा पूल १ फेब्रुवारी २०१५ च्या पुरात कोसळला. एकोणिसाव्या शतकातला तो बांधकामाचा नमुना होता. नंतर तो त्याच जागी, दगडानंच, पुन्हा उभा केला गेला. गवंड्यांनी कमानी उंच का घेतल्या, याचं याहून स्पष्ट उत्तर नाही.

व्रादेतो हे १३४० मीटरवरचं गाव झागोरीतलं सर्वांत उंच. १९७३ पर्यंत तिथं जायला कड्यात बांधलेल्या नागमोडी दगडी पायऱ्यांखेरीज वाट नव्हती. जनावरं, धान्य, आजारी माणसं, सगळं याच पायऱ्यांवरून. आज गाडीरस्ता आहे, पण पायऱ्या शाबूत आहेत आणि चढण्यासारख्या आहेत. सपाट दगड, बसके टप्पे, खेचराच्या पावलाला बेतलेले.

जायचं ठरलं तर

मोनोदेंद्रीहून घळीत उतरून विकोस गावाला निघण्याची वाट सुमारे बारा किलोमीटर आहे आणि सहा ते सात तास घेते. खुणा व्यवस्थित आहेत. अडचण अंतराची नाही, धोंड्यांची आणि पाण्याची आहे: वाटेत पाण्याची खात्री नाही, म्हणून पुरेसं पाणी वरूनच न्यावं. घोटा धरून ठेवणारे बूट हवेत. मे अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बरा. त्याआधी वितळलेल्या बर्फाचं पाणी पात्रात असू शकतं. पाऊस पडून गेल्यावर कड्यांवरून दगड सुटतात, तेव्हा भिंतीला खेटून चालू नये. वोइदोमातिसमध्ये पोहायला मनाई आहे. नदीकाठी मात्र बसता येतं आणि खालच्या भागात परवानाधारक मंडळी तराफ्यातून फिरवतात.

द्राकोलिम्नीसाठी मिक्रो पापिंगो गावातून चढायचं. आस्त्राकाच्या खिंडीतल्या निवाऱ्यापर्यंत साधारण तीन तास, पुढं तळ्यापर्यंत आणखी तास-सव्वा तास. एका दिवसात जाऊन येता येतं, पण निवाऱ्यात मुक्काम केला तर पठार निवांत पाहून होतं. मेंढपाळांचे कुत्रे कळपाच्या राखणीला असतात. कळप दिसला की लांबून वळसा घ्यावा, कुत्र्याकडं धावू नये, त्याच्याकडं पाठ फिरवून पळूही नये. या रानात तपकिरी अस्वलंही आहेत, पण ती माणसाला टाळतात.

क्रम ठरवायचा तर पाण्याचाच धरावा. पहिल्यांदा पठार आणि द्राकोलिम्नी, मग ओक्सिया किंवा बेलोईवरून घळ, मग घळीतली चाल आणि तिच्या शेवटी झरे. त्यानंतर कोनित्साला जाऊन आओस पाहावी. ती पुढं अल्बानियात व्योसा या नावानं वाहते. तिथं २०२३ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तिच्यावर मोठी धरणं बांधण्याला आळा बसला. पेरामाची गुहा शेवटच्या दिवशी ठेवावी. ती योआनिनाच्या विमानतळापासून जवळ आहे, आत फेरीला तासाभराच्या आसपास लागतो आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारवा असतो, म्हणून एक पातळ स्वेटर हाताशी असू द्यावा.